बाबांच्या वहीतला हॅले, आणि २०६१ ची तारीख एवढी नक्की कशी सांगतात?

खाडीपलीकडे | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीची साफसफाई काढलीये. काल माळ्यावरची जुनी ट्रंक खाली घेतली तर तळाशी बाबांची एक दोनशे पानी वही सापडली, वरती किराण्याचा हिशोब आणि मागच्या बाजूने उघडली की हॅलेचा धूमकेतू. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, ही वही आम्हा कोणालाच माहीत नव्हती. नोंदी १९८५-८६ च्या आहेत, तेव्हा आम्ही कळव्याला राहायचो, बाबा बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत शिफ्टला होते, आणि सेकंड शिफ्टवरून आले की गच्चीवर जायचे एवढंच आठवतंय.

दोन नोंदी जशाच्या तशा देते.

"१६ नोव्हें. ८५, शनि. रा. ९-१५. गच्ची. कृत्तिकेच्या उजवीकडे दीड बोट. दुर्बिणीतून पुसट डाग, नुसत्या डोळ्यांना नाही. शेपटी नाही."

"११ एप्रिल ८६, शुक्र. रा. दीड. दक्षिणेला, वृश्चिकाच्या उजवीकडे. क्षितिजापासून अडीच मुठी. पारसिकचा डोंगर डाव्या हाताला. कापसाचा बोळा. छोटीला उठवून दाखवला, म्हणाली हाच का तो. पुन्हा २०६१. छोटी ८४ वर्षांची असेल. तिने बघावा."

छोटी म्हणजे मी. मला ती रात्र फक्त गार लादी आणि बाबांचा स्वेटर एवढीच आठवते, धूमकेतू काही केल्या आठवत नाही.

तर प्रश्न असा की माझी मुलगी, वय १३, हे वाचून म्हणाली आई, उद्या ऐरोलीत पाऊस पडणार का हे धड सांगता येत नाही आणि २०६१ चा धूमकेतू तारखेसकट कसा सांगतात? मला तिला नीट उत्तर द्यायचंय, नुसतं "शास्त्रज्ञ सांगतात" असं नाही. आणि दुसरं, अडीच मुठी म्हणजे काय? जाणकारांनी लिहा.

---

येऊरची_वाट | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, शेवटची ओळ वाचून डोळ्यात पाणी आलं. ती वही आधी स्कॅन करून ठेवा, पेन्सिलची असेल तर अक्षर उडतं.

मुठीचं सांगतो. हात सरळ ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, एक बोट दीड-दोन अंश. आमच्या ग्रुपमध्ये नवीन मुलांना येऊरला नेतो तेव्हा सगळ्यात आधी हेच शिकवतो. अडीच मुठी म्हणजे २५ अंशाच्या आसपास.

---

गणितवाला_वाशी | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

रात्री वाचलं आणि झोपच नीट लागली नाही, सकाळी उठून पहिलं काम हे. आधी बाबांची नोंद तपासली. स्टेलॅरियममध्ये (कुठल्याही तारखेचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) ठाणे टाकलं, ११ एप्रिल १९८६ ची रात्र, दीड वाजता. हॅले बरोबर दक्षिणेला, उंची २३-२४ अंश. अडीच मुठी! ताई, तुमच्या वडिलांनी कुठलंही उपकरण न वापरता एक-दीड अंशाच्या आत माप घेतलंय. आणि तो दिवसही असा की हॅले त्या फेरीत पृथ्वीच्या सगळ्यात जवळ ११ एप्रिललाच होता, अमावस्या दोनच दिवसांपूर्वी झालेली. ते तारीख बघून उठलेले आहेत. नोव्हेंबरची नोंदही बरोबर, त्या रात्री तो कृत्तिकेपासून दोनेक अंशांवर होता.

आता मुलीचा प्रश्न. तिने पावसाशी तुलना केली ते फार चांगलं केलं, कारण फरक तिथेच आहे. पावसात हवा, आर्द्रता, समुद्र, डोंगर, शंभर गोष्टी एकमेकांना ढकलत असतात आणि सकाळची छोटी चूक संध्याकाळपर्यंत मोठी होते. धूमकेतूला अडवायला हवा नाही, त्याच्यावर मुख्य सत्ता सूर्याची, मग गुरूची, मग शनीची, बस. मोजकेच मालक असले की माणूस कधी घरी येईल ते सांगता येतं तसं.

पण हे कळायला एडमंड हॅले लागला. १६८२ चा धूमकेतू त्याने स्वतः पाहिला होता. पुढे न्यूटनचं गुरुत्वाकर्षण हातात आल्यावर त्याने जुन्या नोंदी गोळा करून २४ धूमकेतूंच्या कक्षा काढल्या आणि १७०५ साली छापल्या. आपण पत्रिका जुळवतो तशा या कक्षा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं की १५३१, १६०७ आणि १६८२ या तिघांचं सगळंच जुळतंय. कक्षा किती कललेली, पृथ्वीच्या पातळीला कुठे छेदते, सूर्याच्या किती जवळ जातो, कुठल्या दिशेला जातो. आणि वर तिघंही ग्रहांच्या उलट्या दिशेने फिरणारे. एवढे योगायोग होत नाहीत, म्हणजे हे तीन नाहीतच, एकच आहे, ७५-७६ वर्षांनी येणारा.

पण एक गोष्ट त्याला छळत होती. १५३१ ते १६०७ मध्ये ७६ वर्षं आणि वर दोन महिने, १६०७ ते १६८२ मध्ये ७५ ला दीड महिना कमी. म्हणजे सव्वा वर्षाचा फरक, घड्याळ असं चुकतं का? तर हॅले म्हणाला हे गुरूचं काम आहे, जवळून जाताना तो ओढतो. म्हणून त्याने परतीची तारीख दिलीच नाही, १७५८ च्या अखेरीस किंवा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एवढंच सांगितलं. आणि ते बघायला आपण नसणार हे माहीत असून सांगितलं. १७४२ ला गेला, ८५ वर्षांचा होता.

पुढचं दुपारी लिहितो, ऑफिसला निघायचंय.

---

कोपरीकर | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

मस्त धागा. आमच्याही घरात हॅले आहे बरं का. माझे पणजोबा १९१० साली कोपरीला होते, त्यांनी पाहिलेला, आजी सांगायची की संक्रांत झाली आणि मग रोज दिवेलागणीला खाडीच्या पलीकडे पश्चिमेला झाडूसारखी मोठी शेपटी दिसायची, बायका मुलांना बाहेर येऊ देत नसत, शेंडेनक्षत्र दिसलं की राजा जातो म्हणायचे आणि खरंच त्या वर्षी विलायतेचा राजा गेला. ते दृश्य आजी पणजोबांच्या शब्दांत सांगायची तेव्हा अंगावर काटा यायचा. १९८६ ला मात्र आम्हाला शाळेत सांगितलं होतं अर्धं आकाश भरेल म्हणून आणि काहीच दिसलं नाही, खूप वाईट वाटलं होतं.

---

मृगशीर्ष | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

कोपरीकर दादा, आठवण अमूल्य आहे, पण पणजोबांनी संक्रांतीनंतर पाहिला असेल तर तो हॅले नव्हता.

१९१० मध्ये दोन धूमकेतू आले. जानेवारीत एक अचानक आला, आधी कोणालाच माहीत नव्हता, १२ जानेवारीला दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या खाणकामगारांनी पहिल्यांदा पाहिला. इतका तेजस्वी की काही दिवस भर दिवसा सूर्याजवळ दिसला, आणि महिनाअखेरीस संध्याकाळी पश्चिमेला लांब शेपटी. हॅले सूर्याजवळ आला २० एप्रिलला आणि गाजला मे महिन्यात, १८-१९ मेच्या सुमाराला पृथ्वी त्याच्या शेपटीतून गेली असं मानतात. त्या शेपटीत विषारी वायू आहे म्हणून युरोप-अमेरिकेत लोक घाबरले होते, काहींनी त्यावर गोळ्याही विकल्या. विलायतेचा राजा सातवा एडवर्ड ६ मेला गेला. जगभर कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी "आम्ही हॅले पाहिला" म्हणून जे सांगितलं तो जानेवारीतलाच होता.

म्हणजे बघा, आजीने "संक्रांत" आणि "दिवेलागण" हे दोन शब्द जपले म्हणून आज शंभर वर्षांनी तुमच्या पणजोबांनी काय पाहिलं ते सांगता आलं.

---

कोपरीकर | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

बाप रे. आत्ता आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली संक्रांतच, पक्कं, कारण पणजीच्या सुगडांची गोष्ट त्याला जोडलेली आहे. मनापासून आभार, पणजोबांनी जास्त दुर्मिळ गोष्ट पाहिली म्हणायची.

---

गणितवाला_वाशी | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

पुढे. हॅलेने वर्ष सांगितलं पण महिना कोण सांगणार? १७५८ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये तिघं बसले. गणितज्ञ क्लेरो, खगोलशास्त्रज्ञ लालांद, आणि निकोल-रेन लपोत ही बाई. काम असं की धूमकेतूच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे दीडशे वर्षांत, गुरूने आणि शनीने त्याला कुठे कुठे किती ओढलं ते टप्प्याटप्प्याने हाताने काढायचं. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही, कागद आणि लॉगॅरिदमची कोष्टकं. लालांदने लिहून ठेवलंय की सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी कधी जेवतानासुद्धा हिशोब चालायचा, आणि लपोत नसती तर हे अंगावर घ्यायची हिंमतच झाली नसती. क्लेरोने नंतर तिचा उल्लेख गाळला याचा मला अजूनही राग येतो.

धावपळ अशासाठी की धूमकेतू आधी दिसला असता तर भाकिताला अर्थ राहिला नसता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं: मागच्या फेरीपेक्षा ६१८ दिवस उशीर, ५१८ गुरूमुळे आणि १०० शनीमुळे, सूर्याच्या सगळ्यात जवळ येणार एप्रिलच्या मध्याला, चूक एक महिना इकडेतिकडे. २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालित्श नावाच्या शेतकऱ्याला तो दिसला, ज्याने आकाश स्वतःचं स्वतः शिकलेलं. पॅरिसमध्ये मेसिए नावाचा खगोलशास्त्रज्ञ कधीपासून शोधत होता, पण हातातला नकाशाच चुकीचा, त्याला जानेवारीत सापडला. सूर्याजवळ आला १३ मार्चला. एका महिन्याची चूक. तेव्हा युरेनस-नेपच्यून माहीतही नव्हते!

मुलीला हे सांगा, की धूमकेतू इतक्या वर्षांनी येणार असं कोणी सांगितलं आणि तो आला, हे माणसांच्या इतिहासात तेव्हा पहिल्यांदा झालं.

---

नौपाड्याची_शमा | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

मी संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त. यात आपल्याकडचं एक घालते. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचार नावाचा अध्यायच लिहिलाय, त्यात सुरुवातीलाच तो म्हणतो की केतूचं उगवणं-मावळणं गणिताने कळू शकत नाही. सहाव्या शतकातला माणूस, ग्रहांचं गणित हाताच्या तळव्यासारखं माहीत असलेला, आणि जिथे गणित चालत नाही तिथे स्वच्छ सांगतो की चालत नाही. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. त्याच्यानंतर हजारभर वर्षांनी हॅलेने ते गणित बसवलं.

---

खारघर_टेकडी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

सगळे प्रतिसाद एकसे एक. पण मला दुसरी बाजू लिहायची आहे, कारण सगळं इतकं सोपं झालं असं मुलीला वाटायला नको. फसलेली भाकितं पण सांगा तिला.

खुद्द हॅलेचीच दोन. १६८० च्या भव्य धूमकेतूला त्याने ५७५ वर्षांचा फेरा दिला, जुन्या बखरींमध्ये तेवढ्या अंतराने मोठे धूमकेतू सापडले म्हणून. तो फेरा चुकीचा, खरी कक्षा हजारो वर्षांची आहे. दुसरं म्हणजे १५३२ चा आणि १६६१ चा धूमकेतू एकच असावा असं त्याला वाटलं, तसं असतं तर १७८९-९० च्या सुमाराला परत यायला हवा होता. लोक दुर्बिणी लावून बसले, आला नाही. तसंच १२६४ आणि १५५६ चे एकच म्हणून १८४८ पासून वाट बघत होते, १८६० उजाडायला आलं तरी पत्ता नाही. गणित तेच, न्यूटन तोच, पण जुनी नोंद ढोबळ असली की दोन वेगळी माणसं सारखी दिसायला लागतात.

आता यातली गंमत ऐका. मार्च २००२. मी नुकताच खारघरला राहायला आलेलो, तेव्हा आमच्या सेक्टरच्या मागे नुसतं माळरान, रात्री कोल्हे ओरडायचे, रस्त्यावर दिवे नाहीत. इकेया आणि झांग या दोघांनी फेब्रुवारीत शोधलेला धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला खाली दिसत होता, मी सात बाय पन्नासच्या दुर्बिणीतून पाहिला, छोटीशी सरळ शेपटी, अगदी कोरून काढल्यासारखी. आठवडाभर रोज पाहिला. आणि मग कळलं की कक्षा मागे नेली तर हा १६६१ चा निघतोय, जो हेवेलियस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) पाहिलेला! म्हणजे हॅलेने ज्याला १७८९ ला बोलावलं होतं तो २००२ ला आला, ३४१ वर्षांनी. मी ज्याला बघत होतो त्याला शेवटचं पाहणारे लोक शिवाजी महाराजांच्या काळातले होते. त्या संध्याकाळी मी किती वेळ त्या माळावर उभा होतो ते मला सांगता येणार नाही.

आज तिथे टॉवर आहेत.

---

मृगशीर्ष | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३०

वा. यालाच जोडून स्विफ्ट-टटल धूमकेतू. १८६२ ला सापडला, हिशोब १२० वर्षांचा, म्हणजे १९८२ च्या आसपास यायला हवा. आला नाही. खगोलशास्त्रज्ञ ब्रायन मार्सडेनने १९७३ मध्येच एक शक्यता लिहून ठेवली होती, की १७३७ साली पेकिंगमध्ये केग्लर नावाच्या पाद्र्याने पाहिलेला धूमकेतू हाच असेल तर येईल १९९२ च्या शेवटी. सप्टेंबर १९९२ ला जपानमध्ये किउचीला दिसला. मार्सडेनची तारीख १७ दिवसांनी चुकली फक्त. एका पाद्र्याच्या थोड्याशा नोंदी अडीचशे वर्षं पडून होत्या, त्यांनी दहा वर्षांची चूक सुधारली.

---

सानपाडा_लोकल | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

ट्रेनमध्ये वाचतोय. शंका आहे, आता तर कॉम्प्युटर आहेत, सगळे ग्रह माहीत आहेत, मग आता चूक शून्य का? की अजूनही काही राहतं?

---

गणितवाला_वाशी | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१०

राहतं ना. फार सुंदर गोष्ट राहते. १९१० च्या वेळी कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनी इतकं काटेकोर गणित केलं, तरी तीन दिवस चुकले. का ते कळेना. उत्तर असं की धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ, फ्रेड व्हिपलने १९५० ला हे मांडलं. सूर्याजवळ आला की तापलेल्या बाजूने वाफेचे फवारे सुटतात, आणि फुगा सोडला की हवा एकीकडे, फुगा दुसरीकडे, तसा तो स्वतःच स्वतःला थोडा ढकलतो. हॅले प्रत्येक फेरीत यामुळे चार दिवस उशिरा येतो. एन्केचा धूमकेतू उलट, तो लवकर यायचा.

मार्च १९८६ मध्ये युरोपचं जोत्तो यान हॅलेपासून ५९६ किलोमीटरवरून गेलं तेव्हा ते फवारे खरंच दिसले, १५ किलोमीटर लांबीचा, कोळशाहून काळा गोळा आणि उन्हाच्या बाजूने सुटलेले झोत. आता हे ढकलणंसुद्धा गणितात धरतात. त्याआधी १६ ऑक्टोबर १९८२ ला अमेरिकेतल्या पालोमारच्या दुर्बिणीने त्याला शनीच्याही पलीकडे असताना पकडला होता, गणिताने सांगितलेल्या जागेच्या अगदी शेजारी.

२०६१ ची तारीख आहे २८ जुलै. सध्या तो नेपच्यूनच्या पलीकडे आहे आणि डिसेंबर २०२३ मध्येच मागे वळलाय. म्हणजे ताई, तो निघालाय घरून.

---

येऊरची_वाट | १३ ऑक्टोबर, दुपारी १:४५

२८ जुलै!! ऐन पावसाळा. ठाण्यातून काय कप्पाळ दिसणार. २०२० च्या जुलैत निओवाईज धूमकेतू असाच गेला, लॉकडाऊन आणि वर ढग, आम्ही नुसते फोटो बघत बसलो. २०२४ च्या जूनअखेरीस ओल्बर्स धूमकेतू सूर्याजवळ आला, तोही अडुसष्ट वर्षांनी, तोही ढगातच गेला.

---

मृगशीर्ष | १३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

म्हणून आत्ताच ठरवा की देशावर जायचं. माण, खटाव, जत, हा पट्टा पर्जन्यछायेतला, तिथे जुलै-ऑगस्टमध्येही रात्री उघडीप मिळते. आणि २०६१ चा हॅले १९८६ सारखा नसेल. तेव्हा तो सूर्याजवळ आला तेव्हा आपण सूर्याच्या बरोबर पलीकडच्या बाजूला होतो, त्यामुळे कोपरीकर दादांना आणि सगळ्यांनाच वाईट वाटलं. २०६१ ला तो आणि आपण सूर्याच्या एकाच बाजूला असू, बराच जास्त तेजस्वी असेल.

तोपर्यंत थांबवत नसेल तर येत्या २१-२२ तारखेच्या पहाटे गच्चीवर जा. मृगाच्या आसपासहून ज्या उल्का पडताना दिसतात ती हॅलेचीच धूळ आहे, जुन्या फेऱ्यांमध्ये सांडलेली.

---

खाडीपलीकडे | २२ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

उशिरा लिहितेय, दिवाळीत वेळ मिळाला नाही, पण सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले घरी. लपोतची गोष्ट मुलीला इतकी आवडली की तिने शाळेत सांगितली. आणि तिने हिशोब केला, २०६१ ला मी ८४, ती ४९, जतला ती मला गाडीने नेणार असं ठरलंय.

आज पहाटे तीनला दोघी गच्चीवर गेलो. फटाक्यांचा धूर होता तासभर, मग वारा सुटला आणि मृग दिसायला लागला. पूर्वेकडे पारसिकचा डोंगर, या बाजूने. मी चटई टाकली, ती आजोबांची वही आणि पेन घेऊन बसली. तिला सांगितलं नव्हतं काय लिहायचं ते. आत्ता बघितलं, बाबांच्या नोंदीच्या खालच्या ओळीवर लिहिलंय:

"२२ ऑक्टोबर, बुध. प. ३ ते ४. गच्ची, ऐरोली. धूर, नंतर स्वच्छ. उल्का ४. एक मोठी, मृगातल्या काक्षी ताऱ्यापासून उत्तरेकडे, दोन मुठी लांब. आईला तीन दिसल्या, मला चार."